ऑपरेशनच्या आदल्या रात्री चार पिशव्या, पण त्याआधीच्या २६ दिवसांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"पोटाच्या ऑपरेशनसाठी ए पॉझिटिव्ह रक्ताची तातडीने गरज आहे." असा निरोप आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी फिरतो. मी ३१ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. असे निरोप वाचून रात्री-अपरात्री धावत येणारी माणसं मी खिडकीच्या आतून पाहिली आहेत. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात खिडकीच्या बाहेर उभं राहायची वेळ माझ्यावर आली. माझ्या थोरल्या भावाचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं. तेव्हापासून एक गोष्ट मनात सलते आहे, ती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र.

दादा ६४ वर्षांचा, आल्याची शेती करणारा. आदल्या दिवाळीपासून त्याला दम लागायला लागला. दोन सऱ्या झाल्या की बांधावर बसायचा. जेवताना दुसऱ्या भाकरीला हात लावेना, पोट भरल्यासारखं वाटतं म्हणायचा. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्याने बरं वाटायचं, म्हणून पाच महिने त्याच चालू राहिल्या. एप्रिलमध्ये मी माहेरी गेले तेव्हा त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आत कागदासारखं पांढरं. विचारलं, "शौचाला कसं होतं रे, रंग काय?" तो वहिनीकडे बघत म्हणाला, "डांबरासारखं. पण ते लोखंडी कढईतल्या भाजीनं असेल." कढईतल्या भाजीने शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होत नाही. जठरात थेंब थेंब रक्त झिरपत असलं आणि ते आतड्यातून पचत खाली आलं, की असा रंग येतो. पित्ताच्या गोळ्यांनी दुखणं तेवढं झाकलं होतं. शिवाय त्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं लोह अंगी लागायला तर आम्ल लागतं. म्हणजे एका बाजूने रक्त जात होतं आणि दुसऱ्या बाजूने भर पडायची वाटही अरुंद झाली होती.

११ एप्रिलला दुर्बिणीतून तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात गाठ निघाली. त्या दिवशी हिमोग्लोबिन होतं ७.९. तो आकडा रिपोर्टवर छापलेला होता, त्याखाली रेघही मारलेली होती. त्यावर एक शब्द कोणी बोललं नाही. पुढचे दिवस बायोप्सीची वाट बघण्यात, सीटी स्कॅनमध्ये, योजनेच्या मंजुरीत आणि कागदपत्रांत गेले. ऑपरेशन ठरलं ७ मेला. मधले दिवस २६. सहा तारखेला दादा भरती झाला, तपासणीत हिमोग्लोबिन ७.२ आलं आणि रात्री नऊ वाजता पुतण्याच्या हातात चिठ्ठी पडली: चार पिशव्यांची सोय करा.

मे महिन्यात रक्ताची काय अवस्था असते ते मला सांगायला नको. कॉलेजं बंद, शिबिरं तुरळक, नेहमीचे दाते गावी गेलेले. पुतण्या मोटारसायकलवर तीन रक्तपेढ्या फिरला. बदली रक्तदाते म्हणून त्याचे दोन मित्र रात्री साडेअकराला शेतातून तसेच उठून आले, त्यांच्या नखांत माती होती. त्या मुलांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या रात्री बाकावर बसले असताना माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. या २६ दिवसांत रक्त वाढवायला त्याला लोह का नाही दिलं? आणि त्याहून टोचणारा प्रश्न: जिच्या हातून हजारो पिशव्या गेल्या त्या मला तरी हे का नाही सुचलं? रक्त कमी असेल तर पिशवी लावायची, ही सवय माझ्याही अंगात इतकी मुरली होती.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑपरेशनच्या आधी दोन पिशव्या लावल्या, ऑपरेशन चालू असताना एक. सर्जनचा हात चांगला होता. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं ते चारशे मिलीच्या आसपास, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे पिशव्या लागल्या त्या ऑपरेशनातल्या रक्तस्रावामुळे लागल्या नाहीत. दादा जो अशक्तपणा घरून घेऊन आला होता, तो भरून काढायला लागल्या.

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दादा खुर्चीत बसला होता. नाडी ८४, बीपी व्यवस्थित, पोटातून बाहेर काढलेल्या नळीत (ड्रेनमध्ये) रक्त नाही. हिमोग्लोबिन ८.८. नर्स आणखी दोन पिशव्या घेऊन आली. मी तरुण डॉक्टरांना विचारलं, "रक्तस्राव नाही, दम नाही, मग ह्या कशासाठी?" ते सरळ मनाने म्हणाले, "काकू, तुमच्यासाठीच राखून ठेवल्या होत्या, वाया जातील. आणि दहाच्या वर गेलेलं बरं." क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून, राखलेली पिशवी रक्तपेढीतून बाहेरच पडली नाही, तर ती वाया जात नाही. राखीव काढायची आणि दुसऱ्या रुग्णाला द्यायची, हे मी ३१ वर्षं केलं आहे. पण पुतण्याने माझा हात दाबला, "आत्या, नको ना, डॉक्टरांशी वाद नको." मी गप्प बसले. पिशव्या लागल्या आणि कागदावर १०.६ आलं. पाचव्या दिवशी ताप चढला, छातीत संसर्ग निघाला. दादा दहाव्या दिवशी घरी जाणार होता, तो एकोणीस दिवस राहिला. ऑपरेशननंतरची किमोथेरपी सहा आठवड्यांनी सुरू व्हायची होती, ती दहा आठवड्यांनी सुरू झाली.

त्या पिशव्यांमुळेच संसर्ग झाला, असा आरोप मी करत नाही. जठराच्या ऑपरेशननंतर छातीचा संसर्ग पिशवी न लावताही होतो. एका माणसावरून असं काही सिद्ध होत नाही, हे प्रयोगशाळेत आयुष्य घालवल्यावर मला कळतं. पण हा प्रश्न माझ्या एकटीच्या मनातला नाही. तो जुना आहे.

१९७३ साली किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांत एक विचित्र गोष्ट दिसली. ज्यांना आधी दुसऱ्यांचं रक्त दिलं होतं, त्यांच्या शरीराने नवी किडनी जास्त चांगली टिकवली. परकं रक्त आलं की शरीराची प्रतिकारशक्ती थोडी नरमते, असा त्याचा अर्थ लावला गेला. किडनीच्या रुग्णाला ते फायद्याचं. पण १९८१ मध्ये प्रश्न पुढे आला की कॅन्सरच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती ऐन ऑपरेशनच्या वेळी अशी नरमली तर? गाठ काढताना सुटलेल्या चार पेशींचा बंदोबस्त मग कोण करणार? तेव्हापासून जपान, कोरिया, चीन, युरोप अशा अनेक ठिकाणी जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांचे हिशोब तपासले गेले. ऑपरेशनच्या आगेमागे रक्त मिळालेल्या रुग्णांत संसर्ग जास्त, कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त आणि जगण्याचा काळ कमी, असं पुन्हा पुन्हा दिसलं.

इथे घाई करून चालणार नाही. रक्त कोणाला द्यावं लागतं? ज्याची गाठ मोठी, वय जास्त, आजार पुढे गेलेला, ऑपरेशन लांबलेलं, त्यालाच. तो रुग्ण आधीपासूनच जास्त धोक्यात असतो. मग दोष रक्ताचा की आजाराचा? या गुंत्यावर नेदरलँड्समध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक नेटका प्रयोग झाला होता, १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला गरज पडल्यास स्वतःचंच आधी काढून ठेवलेलं रक्त द्यायचं, दुसऱ्याला दात्याचं. कॅन्सर परतण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. पण ज्यांना रक्त लागलंच नाही, त्यांच्यापेक्षा रक्त लागलेले सगळेच, मग ते स्वतःचं असो की परक्याचं, जास्त धोक्यात होते. हे मी वाचलं तेव्हा पत्र लिहायचं नक्की केलं. पिशवी दोषी आहे की नाही हा वाद संशोधक मिटवतील. रुग्णाला रक्ताची गरज पडणं हीच धोक्याची खूण आहे, आणि ती गरज ऑपरेशनच्या आधी कमी करणं बऱ्याच वेळा आपल्या हातात असतं. दादाच्या बाबतीत २६ दिवस ते आमच्या हातात होतं.

आता लोहाबद्दल. मी बोलते आहे ते शिरेतून द्यायच्या लोहाबद्दल, आणि ते काही परदेशातून मागवायचं औषध नाही. आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ही इंजेक्शनं आपल्याकडे गरोदर बायकांना सर्रास दिली जातात. ॲनिमिया मुक्त भारत हा कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, त्यात गर्भवतींसाठी त्यांची तरतूदच आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचा एक हजार मिलिग्रॅमचा डोस पंधरा मिनिटांत जातो. रुग्णालयात, लक्ष ठेवून द्यायचा, एवढंच. माझ्या वहिनीच्या भाचीला सातव्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात तो मिळाला आणि ती चालत घरी आली. मग त्याच तालुक्यातल्या ६४ वर्षांच्या, जठरातून रक्त गळणाऱ्या शेतकऱ्याला तो का मिळू नये? कोणी अडवलं म्हणून नाही. कोणी विचारलंच नाही म्हणून.

गोळ्यांनी अशा रुग्णांत फार साधत नाही. कॅन्सरसारख्या आजारात शरीर आतड्यातून लोह घेणंच कमी करतं, त्यात पित्ताच्या गोळ्या चालू. शिवाय गोळ्यांनी रक्त भरायला महिने लागतात आणि इथे हातात आठवडे असतात. तपासणी करायची ती फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, आणि सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशनची, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलेलं आहे त्याची. कॅन्सरमध्ये फेरिटिन फसवं असतं. शरीरात दाह असला की ते फुगतं आणि साठा भरपूर आहे असं वाटतं, म्हणून सॅच्युरेशन वीस टक्क्यांखाली आहे का तेही बघायचं. दादाचं फेरिटिन आम्ही नंतर, जूनमध्ये मोजलं. पाच पिशव्यांमधून बरंच लोह अंगात गेल्यावरसुद्धा आकडा खालीच होता. एप्रिलमध्ये त्याचा साठा किती रिकामा असेल, ते मला वेगळं सांगायला नको.

ज्या रुग्णांना ऑपरेशनच्या आधी किमोथेरपी देतात त्यांच्याकडे तर आणखी वेळ असतो. हल्ली दर पंधरा दिवसांनी एक अशा चार फेऱ्या आधी देऊन मग ऑपरेशन करण्याची पद्धत आहे. म्हणजे दोन महिने. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंचं असंच होतं. हिमोग्लोबिन ८.४. त्यांच्या मुलीला मी एवढंच सांगितलं की दुसऱ्या फेरीच्या वेळी डॉक्टरांना फेरिटिन आणि शिरेतल्या लोहाबद्दल विचार. डॉक्टरांनी लगेच ऐकलं. "बरं झालं आठवण केलीत," म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी त्यांचं हिमोग्लोबिन ११.२ होतं. त्यांना एकही पिशवी लागली नाही. हीसुद्धा एकच रुग्ण, पुरावा म्हणून मी सांगत नाही. विचारायला किती सोपं होतं, ते सांगते आहे.

ऑपरेशननंतरच्या पिशव्यांबद्दलही थोडं. "दहाच्या वर" हा आग्रह फार जुना आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या दोन भूलतज्ज्ञांनी तसं लिहिलं आणि जगभर तो नियम होऊन बसला. १९९९ मध्ये कॅनडात ८३८ गंभीर रुग्णांवर तो तपासला गेला. सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, दहाच्या खाली जाताच दिलेल्या रुग्णांपेक्षा कुठेही मागे पडले नाहीत. आणि खास जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल बोलायचं तर दक्षिण कोरियातल्या सात रुग्णालयांत ४५४ रुग्णांवर प्रयोग झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर पाच ते सात दिवसांनी हिमोग्लोबिन सात ते दहाच्या मध्ये असलेले हे रुग्ण, म्हणजे अगदी आमच्या दादासारखे. निम्म्यांना शिरेतून लोह दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. बारा आठवड्यांनी पाहिलं तर लोह मिळालेल्यांपैकी शंभरात ९२ जणांचं हिमोग्लोबिन हवं तसं वाढलं होतं, दुसऱ्या गटात शंभरात ५४ जणांचं. मला यातली दुसरी संख्याही मोलाची वाटते. सलाईन दिलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त आपोआप वर आले. ८.८ वर शांतपणे खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या दिवशी पिशवीची घाई नव्हती.

रक्तपेढीत येणाऱ्या मागणी अर्जावर "रक्त देण्याचं कारण" अशी एक ओळ असते. ३१ वर्षांत त्या ओळीत मी बहुतेक वेळा दोनच शब्द वाचले, "ॲनिमिया" किंवा "सर्जरी". आणि संख्या बहुधा दोन. आमच्या उमेदवारीच्या काळात शिकवायचेच की एक पिशवी देण्यात अर्थ नाही, द्यायच्या तर दोन द्या. आता शिकवण उलटी झाली आहे. रक्तस्राव चालू नसेल तर एक द्या, रुग्णाला बघा, मोजा, मगच दुसरीचा विचार करा. एका पिशवीने मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं. आठवर असलेल्या माणसाला दम लागत असेल तर एका पिशवीने त्याचा दम थांबला की पुरे. ही शिकवण मोठ्या शहरांतल्या कॅन्सर रुग्णालयांत रुजली आहे, आमच्याकडे तिला यायला उशीर होतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णाच्या अंगातलं रक्त जपण्याबद्दलचा ठराव २०१० साली केला आहे.

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की कॅन्सरच्या ऑपरेशनला रक्त घेऊ नये. नातेवाईकांनी या पत्राचं कात्रण दाखवून पिशवी नाकारली, तर मला फार मोठं दुःख होईल. ऑपरेशनमध्ये शीर सुटली, टाका निसटून रात्रीत पोटात रक्त साचलं, हृदयाच्या रुग्णाला कमी रक्त सोसेना, तर पिशवीला दुसरा पर्याय नाही आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. मी स्वतः अशा रात्री क्रॉसमॅचची नळी दिव्यापुढे धरून, गुठळी नाही याची खात्री करून, धावत जिना चढले आहे. १८८१ मध्ये व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा कॅन्सर काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेव्हा रक्तगट हा शब्दच नव्हता. त्याच शहरात लँडस्टायनरना गट सापडायला आणखी वीस वर्षं लागली. मधल्या काळात किती जण टेबलावर गेले असतील, याचा विचार केला की पिशवीची किंमत कळते. म्हणूनच ती जिथे लागते तिथे असायला हवी. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना महिन्यातून एकदा-दोनदा रक्त लागतं, बहुतेकांना आयुष्यभर, त्यांच्या हाताशी दुसरा उपाय नसतो. मे महिन्यात त्यांच्या आया खिडकीशी उभ्या असायच्या आणि फ्रीज रिकामा असायचा. दादाला लागलेल्या पाचांपैकी निदान तीन पिशव्या त्यांच्यापैकी कोणाच्या तरी होत्या, असं मला आज वाटतं.

माझी विनंती साधी आहे. ज्या दिवशी दुर्बिणीत गाठ दिसते, त्याच दिवशी हिमोग्लोबिनचा आकडा मोठ्याने वाचला जावा, फेरिटिन आणि सॅच्युरेशनचं रक्त त्याच सुईतून काढलं जावं आणि कमी असेल तर त्याच आठवड्यात शिरेतून लोह मिळावं. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात असलेल्या त्या इंजेक्शनवर गर्भवतींबरोबर ऑपरेशनच्या रुग्णांचाही हक्क लिहिला जावा. आरोग्य विभागाला हे एका परिपत्रकाने करता येईल. डॉक्टर मंडळी कामाने पिचलेली असतात, हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून घरच्यांना सांगते: गाठीचा रिपोर्ट हातात आला की रडून झाल्यावर पहिला प्रश्न विचारा, "रक्त किती आहे, कमी का आहे, आणि ऑपरेशनच्या आधी ते वाढवायला आपण काय करतो आहोत?" ज्यांच्या घरात पन्नाशी-साठीचा पुरुष विनाकारण दमतो आहे, ज्याचं रक्त कमी निघालं आहे, त्याला पित्ताच्या गोळीवर महिनोन्महिने ठेवू नका. त्याला शौचाचा रंग विचारा. लाजू नका. आमच्या घरात तो प्रश्न पाच महिने उशिरा विचारला गेला.

दादा आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातो. शेतात जाताना वहिनी डबा देते, त्यात दोन खण असतात, एक दहा वाजताचा, एक बारा वाजताचा. अजून तपासण्या चालू आहेत, पुढे काय ते आत्ताच सांगता येणार नाही. गेल्या आठवड्यात त्याचं हिमोग्लोबिन ११.८ आलं. रिपोर्ट घेऊन तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाला, "फेरिटिनपण लिहून आणलंय बघ."

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
कराड